पाहणीवाल्याला खरे सांगावे काय?

तीस-पस्तीस वर्षे दुकानाच्या गादीवर बसल्यावर गिऱ्हाईक उंबरा ओलांडते तोच आम्हाला कळते, की हा कापड घेणार, नुसता भाव विचारणार, की मागची बाकी तशीच ठेवून आणखी उधारी मागणार. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका दुपारी मात्र आमचा अंदाज साफ चुकला. पाठीला पिशवी, हातात टॅब, उन्हाने रापलेला चेहरा. आम्हाला वाटले, एखाद्या मिलचा नवा सेल्समन असावा. "सध्या माल भरायचा नाही," असे आम्ही म्हणणार तोच तो म्हणाला, "चाचा, सरकारी पाहणीसाठी आलोय. घरखर्चाची पाहणी. तुमचं घर निवडलं गेलंय."

'निवडलं गेलंय' हे शब्द ऐकून पोटात गोळा आला. व्यापाऱ्याला सरकारने निवडले की त्यात व्यापाऱ्याचे भले असते, असा आमचा तरी अनुभव नाही.

निरवांगी हे इंदापूर तालुक्यातले, नीरा नदीच्या बाजूचे गाव. जवळच वालचंदनगर. शिवारात ऊस. आमच्या वडिलांनी सायकलवर कापडाचे गाठोडे बांधून आसपासचे आठवडे बाजार केले, आम्ही दुकान थाटले. गावात कोणाच्या घरी काय शिजते हे आम्हाला माहीत नसेल, पण कोणाच्या घरात काय नेसले जाते हे आमच्या वहीत आहे. म्हणजे घरोघरीची पाहणी आम्हीही करतच असतो. तरीसुद्धा कोणी आमच्या घराची करू लागला तेव्हा आम्ही काय केले, ते या पानावरच्या बंधूंना सांगायला हवे. आम्ही खोटे सांगितले.

त्यात गावाची हवाही तशी होती. मराठा व खुल्या प्रवर्गातील कुटुंबांचे सर्वेक्षण राज्य मागासवर्ग आयोगाने २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत नुकतेच उरकले होते. शाळेतले गुरुजी मोबाईल घेऊन घरोघर फिरले. दीडशेहून अधिक प्रश्न होते. घर कशाचे, शेती किती, कर्ज किती इथपासून विधवेला कुंकू लावू देतात का इथपर्यंत. ओबीसीत मोडणाऱ्या आमच्यातल्या घरांना जात विचारली, मोबाईलवर बोट फिरवले आणि गुरुजी पुढच्या दाराला गेले. त्या धामधुमीला पंधरा दिवस होत नाहीत तो हा दुसरा मुलगा दारात. शेजारचा पानपट्टीवाला डोळे मिचकावून म्हणाला, "शेठ, आता तुमचा नंबर."

तर आम्ही खोटे सांगितले. दूध किती? अर्धा लिटर. मटण? ईदेला, नाहीतर पाहुणे आले तर. फळे? आजारपणात. तो मुलगा मुकाट्याने आकडे भरत होता. मध्येच त्याने एक शब्द वापरला, 'उपभोग'. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. मराठी आम्हाला बाजाराने शिकवली, आणि बाजाराच्या मराठीत उपभोग म्हणजे चैन. "उपभोग काही नाही रे बाबा, साधी माणसं आम्ही," आम्ही म्हणालो. तो हसला. म्हणाला, "चाचा, उपभोग म्हणजे तुम्ही जे खाता, नेसता, जाळता, वापरता ते सगळं. मीठसुद्धा." मग आमच्या लक्षात आले, की अर्धा तास झाला तरी त्याने आमचे उत्पन्न एकदाही विचारलेले नाही. दुकानाचा गल्ला नाही, वार्षिक उलाढाल नाही, जीएसटीचा नंबर नाही. ज्या गोष्टीच्या भीतीने आम्ही खोटे बोलत होतो ती त्याच्या प्रश्नांत नव्हतीच.

तीन महिन्यांत तो तीनदा आला. या पाहणीत तसेच असते. एका खेपेला खाण्यापिण्याच्या वस्तू, एका खेपेला साबण-इंधन-दवाखाना-शाळा-प्रवास, एका खेपेला कपडालत्ता, अंथरूण-पांघरूण, पादत्राणे आणि फ्रिज-मोटारसायकलीसारख्या टिकाऊ वस्तू. दुसऱ्या खेपेला रमजान चालू होता. दुकानात उभे राहायला जागा नव्हती, पठ्ठ्या दीड तास बाकावर बसून राहिला. तिसऱ्या खेपेला ईद होऊन गेली होती. त्याला शिरखुर्मा दिला, आणि त्याने विचारले, "चाचा, गेल्या ३६५ दिवसांत घरात कपड्यावर किती खर्च झाला?"

वाचकहो, कापडाच्या व्यापाऱ्याला हा प्रश्न विचारावा आणि त्याला उत्तर देता येऊ नये! दुकानातला कोणता तागा कधी आला, किती मीटर गेला, किती उरला, हे आम्ही झोपेत सांगू. पण त्याच ताग्यातून घरात किती गेले, ते कधी लिहिलेच नव्हते. घरचे माणूस येते, कापून नेते. आम्ही म्हणालो, "असेल तीन-चार हजार." तेव्हा पडद्याआडून आमच्या कुटुंबाचा आवाज आला. धाकट्या सुनेच्या माहेरच्या लग्नातल्या साड्या, नातींचे ड्रेस, दोन ईदांचे कपडे, पाहुण्यांसाठी भरून घेतलेल्या गाद्या, शाळेचा गणवेश, शिलाई वेगळी. तिने बोटांवर मोजून सांगितले तो आकडा आमच्या आकड्याच्या सहापट निघाला. मुलाने टॅब खाली ठेवला आणि नम्रपणे विचारले, "चाचा, मग दूधही परत एकदा विचारू का चाचींना?"

ही गोष्ट हसण्यावारी नेता येईल. आम्ही नेली नाही, कारण त्यानंतर आम्ही चौकशी केली की अशा पाहणीत एक घर म्हणजे किती घरे. घरगुती खर्चाची २०२३-२४ ची पाहणी ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ चालली. साऱ्या देशात मिळून २,६१,९५३ घरे पाहिली गेली. देशातली एकूण घरे तीस कोटींच्या आसपास धरा आणि भागाकार करा. एक घर सरासरी हजाराहून अधिक घरांच्या वतीने बोलते. निवडलेल्या गावात जमिनीप्रमाणे घरांचे गट पाडतात, आणि त्या गटांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी १८ घरे उचलतात. कोणाच्या सांगण्यावरून कोणाचे घर निवडले जात नाही. आम्ही दूध अर्धा लिटर सांगितले तेव्हा आमच्यासारख्या हजार घरांचे दूध आम्ही आटवले. कापड तीन हजार सांगितले असते तर हजार घरांच्या अंगावरून कापड ओढले असते. कापडवाल्यानेच!

आता यात व्यापाराचे काय, असे कोणी विचारील. त्या पाहणीच्या निकालाप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशाच्या खेड्यांत माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ रुपये, शहरात ६,९९६ रुपये. खेड्यातल्या खर्चापैकी ४७ टक्के खाण्यावर. कपडा, अंथरूण आणि पादत्राणे मिळून साडेसहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे माणशी महिन्याला पावणेतीनशेच्या आत, पाच माणसांच्या घराला वर्षाला सोळा हजारांच्या आसपास, त्यात चपला-बूट आणि चादरीही आल्या. आम्ही आमच्या वहीशी हा आकडा ताडून पाहिला. ऊसतोडीच्या आणि मजुरीच्या घरांना तो जास्त वाटतो, बागायतदाराला कमी. पण साधारण ज्या घराला आम्ही 'चांगले गिऱ्हाईक' म्हणतो त्याच्या जवळपास येतो. दुकान वाढवायचे की नाही, नव्या गावात शाखा काढायची की नाही, हे ठरवताना आम्ही आजवर फक्त मनाचा कौल घेतला. हा आकडा आधी माहीत असता तर एका गावातली फजिती टळली असती. असो.

याहून मोठी गोष्ट अशी, की महागाई मोजण्याची सरकारची जी टोपली आहे, तिच्यात कोणती वस्तू किती वजनाची हे याच खर्चाच्या पाहणीवरून ठरते. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक वर्षानुवर्षे चालला, त्याची वजने २०११-१२ च्या पाहणीतून आलेली. त्यात कपडे व पादत्राणे यांचे वजन १०० पैकी ६.५३ होते. निर्देशांकाची नवी मालिका २०२४ हे वर्ष पायाभूत धरून आली, ती २०२३-२४ च्या पाहणीवर उभी आहे. म्हणजे आमच्या घरातल्या त्या शिरखुर्म्याच्या दुपारचा एक कणभर अंश त्यात आहे. या निर्देशांकावर रिझर्व्ह बँकेची व्याजदराची कुऱ्हाड किंवा कृपा ठरते, आणि ती फिरत फिरत आमच्या कॅश क्रेडिटच्या खात्यापर्यंत पोहोचते.

कामगारांचा निर्देशांक वेगळा, पण चाल तीच. सोलापूर आम्हा कापडवाल्यांचे माहेरघर. तिथल्या आणि मुंबईतल्या गिरणी कामगारांच्या घरखर्चाची चौकशी त्या वेळच्या मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२० च्या दशकातच केली होती. ज्वारी किती, घरभाडे किती, धोतरजोडी किती. पुढे महागाई भत्त्याची सारी भांडणे असल्या आकड्यांच्या आधाराने लढली गेली. ज्या कामगाराने त्या कारकुनाला "आम्ही काही खात नाही, काही नेसत नाही" असे सांगितले असेल, त्याने आपल्याच भत्त्याच्या पायात धोंडा बांधला.

आपला पुणे जिल्हा तर या बाबतीत सगळ्यांच्या पुढे. हॅरोल्ड मान या गोऱ्या शेतीतज्ज्ञाने पिंपळे सौदागर या गावातल्या जमिनीची, कर्जाची आणि घरखर्चाची मोजदाद करून १९१७ साली पुस्तक काढले. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करवली. देशपातळीवरची नमुना पाहणी १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने सुरू झाली. त्या काळापासून एक वाद चालत आला आहे तो कापडवाल्याने समजून घेण्यासारखा आहे. कपड्याचा खर्च मागच्या ३० दिवसांचा विचारावा की ३६५ दिवसांचा? आमच्या धंद्यातले पोरगेही याचे उत्तर देईल. कापड काही रोज घेत नाहीत. लग्नसराई, दिवाळी, ईद, ऊसबिलाचा हप्ता, शाळा उघडणे, एवढ्या पाच-सहा मोसमांत वर्षाचे कापड घरात येते. श्रावणात जाऊन महिन्याचा खर्च विचारला तर शून्य, लग्नाच्या महिन्यात विचारला तर डोंगर. मोठमोठ्या अर्थशास्त्र्यांनी यावर कागद खर्च केला. १९९९-२००० च्या फेरीत मुदतीच्या प्रश्नांची सरमिसळ झाली तेव्हा देशातली गरिबी खरोखर किती हटली यावरच वर्षानुवर्षे तंटा चालला. आता कपड्यासाठी ३६५ दिवस विचारतात ते बरोबरच आहे. फक्त ३६५ दिवस ध्यानात ठेवणारे माणूस घरात असावे लागते, आणि ते बहुधा गादीवर बसलेले नसते.

कारागीर बंधूंनी मात्र खर्चाच्या पाहणीपेक्षा कामाच्या पाहणीकडे जास्त लक्ष द्यावे. घरात कोण काय काम करतो याची पाहणी वेगळी होते, आणि नोंदणीकृत कंपनी नसलेल्या लहान धंद्यांचीही दरवर्षी वेगळी होते. या दुसऱ्या पाहणीने २०२३-२४ मध्ये देशात असे ७ कोटी ३४ लाख धंदे आणि त्यांत १२ कोटींवर माणसे मोजली. आमचे दुकान, तुमचा रंगाचा गाडा, कुणाचे शिलाई मशीन, कुणाचे बांगड्यांचे कपाट, सारे याच खात्यात येते. येते म्हणजे यायला हवे.

आमच्या माहितीतल्या एका म्हाताऱ्या पिंजाऱ्याची गोष्ट घ्या. हिवाळ्याच्या तोंडाला तीन-चार महिने तो गाद्या-रजया भरतो, एरवी मुलाकडे बसून खातो. कोणी काम विचारले की म्हणतो, "आता कसलं काम? कापूस कोण पिंजतंय? समदे फोमच्या गाद्या आणत्यात." त्याच्या बोलण्यात दुःख आहे, पण कागदावर ते दुःख उतरत नाही. कागदावर उतरते ते एवढेच, की काम करीत नाही. आमच्याच दुकानाच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून देणाऱ्या चार बायका आहेत. महिन्याला काही हजार रुपये त्या घरात आणतात. त्यांच्या नवऱ्यांना विचारा, "बायको काय करते?" "काही नाही, घरीच असते." आम्ही स्वतः हे ऐकले आहे, आणि ज्या नवऱ्याने हे सांगितले त्याच्या घरचा रिक्षाचा हप्ता त्या फॉलच्या पैशांतून जातो हेही आम्हाला ठाऊक आहे. उत्तर देताना नवऱ्याला लाज वाटते, की अब्रू वाटते, कोण जाणे. नुकसान तिचे होते. जे काम नोंदले गेले नाही त्याला कर्ज मागायचे कशाच्या आधारावर?

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. हाताने काम करणाऱ्या १८ व्यवसायांची यादी आहे. शिंपी आहे, सुतार-लोहार आहे, न्हावी, धोबी, चर्मकार आहे, टोपल्या विणणारा आहे. पिंजारी नाही. कल्हईवाला नाही. अत्तर विकणारा, बांगड्या भरणारा मणियार नाही. यादी करणाऱ्याने वैर धरले असे आम्ही म्हणणार नाही. पण यादी करायला बसलेल्या माणसासमोर जे कागद असतील, त्यांत हे व्यवसाय ठसठशीत दिसत असते तर एखाद्याने तरी विचारले असते, असे आम्हाला वाटते. आणि दिसणार कसे? पिंजारी म्हणतो काम नाही, मणियारीण म्हणते मी तर अशीच गावोगाव फिरते.

ज्यांना असे वाटते की आपल्या समाजाला या आकड्यांचे काय, त्यांनी सच्चर समितीची आठवण ठेवावी. २००५ मध्ये नेमलेल्या त्या समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. त्यात मुसलमान कामकऱ्यांपैकी सुमारे ६१ टक्के स्वतःच्या धंद्यावर जगतात, ही या पानाच्या वाचकांना लागू पडणारी गोष्ट होती, आणि तरीही बँकांच्या कर्जात आपला वाटा किती तोकडा आहे हेही त्यात आकड्यांनिशी होते. समितीकडे काही जादूचा आरसा नव्हता. रोजगार आणि खर्चाबद्दलचे तिचे बरेचसे आकडे २००४-०५ च्या याच सरकारी नमुना पाहणीतून काढलेले होते, ज्यात कुटुंबाचा धर्म नोंदलेला असतो. कोण्या कालच्या घरातल्या माणसाने उन्हात आलेल्या कारकुनाला पाणी देऊन खरे सांगितले होते म्हणून तो अहवाल उभा राहिला. मराठा समाजाच्या सर्वेक्षणाचेही पाहा. दीड कोटीहून अधिक कुटुंबांची माहिती गोळा झाली, १६ फेब्रुवारी २०२४ रोजी आयोगाने अहवाल दिला आणि २० तारखेला विधिमंडळात १० टक्के आरक्षणाचा कायदा संमत झाला. तो बरोबर की चूक हे कोर्ट पाहील. आकड्यांच्या अंगात किती बळ असते ते मात्र आम्ही आमच्या गावातल्या गुरुजींच्या मोबाईलवर पाहिले.

आता दुसरी बाजू. आमचे काही मित्र हे वाचून म्हणतील, हाजीसाहेबांना सरकारचा फार भरवसा आला. (आम्ही हाजी नाही, पण दाढी पांढरी झाली की लोक म्हणतात.) भरवशाचा हिशेब आम्ही दोन्ही बाजूंनी लावतो. २०१७-१८ मध्येही अशीच घरगुती खर्चाची पाहणी झाली होती. लोकांनी वेळ दिला, उत्तरे दिली. खेड्यातला खर्च घटल्याचे त्यात दिसते अशा बातम्या फुटल्या, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने जाहीर केले की माहितीच्या दर्जात दोष असल्याने निकाल प्रसिद्ध करायचा नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि १ जुलै २०१७ ला कापडावर आलेला ५ टक्के जीएसटी, या दोन्हींनंतरचे ते वर्ष आम्ही दुकानात बसून पाहिले आहे. आमच्या वहीला दर्जाचा दोष नव्हता. त्या वर्षी वहीची पाने कोरी होती. ज्या व्यापाऱ्याने गिऱ्हाइकाकडून बयाणा घेतला आणि माल दिला नाही त्याला बाजारात काय म्हणतात ते सांगायला नको. घरातली माहिती ही अमानत आहे. ज्याने दिली त्याला तिचा हिशेब मिळाला पाहिजे, आकडा गोड निघो की कडू.

२०२० च्या सुरुवातीला तर पाहणीवाल्यांची फारच पंचाईत झाली. नागरिकत्वाच्या कायद्यावरून आणि एनआरसीच्या भीतीने वातावरण तापलेले, आणि देशात ठिकठिकाणी साध्या खर्चाच्या, आरोग्याच्या पाहणीला आलेल्या माणसांनाही लोकांनी वस्तीत शिरू दिले नाही. ती भीती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. गरीब माणूस कागदाला भितो, कारण त्याच्याकडे कागदच नसतो. पण कोणता कागद कशासाठी हे सांगण्याची जबाबदारी ज्याची होती त्याने ती पार पाडली नाही, आणि मार खाल्ला रोजंदारीवरच्या पोराने. आमच्याकडे आलेला मुलगाही कंत्राटावरचाच होता. पेट्रोल खिशातले घालत होता.

म्हणून आमचे सांगणे व्यवहाराचे आहे. पाहणीवाला आला की ओळखपत्र मागावे, कोणत्या खात्याची कोणती पाहणी ते विचारावे, खात्री पटत नसेल तर ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारून "उद्या ये" असे सांगावे. त्याला राग येत नाही, आला तर तो खरा पाहणीवाला नाही. बँकेचा ओटीपी किंवा एटीएमचा पिन मागणारा तर खासच चोर. २००८ चा सांख्यिकी संकलन कायदा आणि १९४८ चा जनगणना कायदा या दोन्हींत वैयक्तिक माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन सरकारवर घातलेले आहे. जनगणनेच्या नोंदी तर कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. एवढे पाहिल्यावर मग दार उघडावे, घरातल्या बाईमाणसाला बोलू द्यावे आणि आपण गप्प बसावे. हे शेवटचे आम्हाला सगळ्यांत जड गेले.

मताच्या पाहण्यांचा एक प्रकार राहिला. रिझर्व्ह बँक दर दोन महिन्यांनी शहरांतल्या घरांना विचारते, भाव वाढतील असे वाटते का, रोजगाराचे कसे दिसते, वर्षभराने तुमची मिळकत वाढेल की घटेल. त्या शहरांच्या यादीत मुंबई आहे, नागपूर आहे. नाबार्डनेही सप्टेंबर २०२४ पासून खेड्यातल्या घरांना मिळकतीबद्दल आणि पुढच्या आशेबद्दल विचारायला सुरुवात केली आहे. बहुतेक वेळा लोकांना जाणवणारी महागाई सरकारी महागाईपेक्षा जास्त निघते. अर्थशास्त्री याला लोकांचा भ्रम म्हणतात. आम्ही म्हणतो, एकदा आमच्या दुकानात बसा. बाई साडी हातात घेते, पदर चोळून पाहते, किंमत ऐकते आणि घडी तशीच ठेवून ब्लाऊजपीस मागते. तिला निर्देशांक माहीत नसतो. पण तिचे मत कोणी विचारील तर ते लिहून घेण्याजोगे आहे.

कोविडमुळे २०२१ ची राहून गेलेली जनगणना आता होत आहे. १ मार्च २०२७ ही तिची संदर्भ तारीख ठरली आहे, आणि या वेळी जातही नोंदली जाणार आहे. अत्तार, तांबोळी, बागवान, मोमीन, मुलाणी, पिंजारी, शिकलगार, मणियार यांनी काय सांगायचे याची चर्चा चहाच्या टपरीवर आतापासून रंगली आहे. "आपल्यात जात कुठे असते" असे म्हणणारेही आहेत, आणि ओबीसीचा दाखला खिशात ठेवून तेच म्हणणारेही आहेत. यावर एक बैठक आमच्या गल्लीत झाली. कारागिराने जातीबरोबर आपला हुन्नरही न लाजता सांगावा, एवढे तिथे ठरले. त्या पिंजाऱ्यालाही आम्ही बोलावले होते. तो म्हणाला, "लिवा मग, रजया भरतो म्हणून. चार महिने तरी लिवा."

आमच्या घरातही एक बदल झाला. त्या ईदेनंतर आमच्या कुटुंबाने दुकानातून शंभर पानी वही मागवून घेतली. घरात येणारे प्रत्येक कापड ती त्यात लिहिते, तारीख, मीटर, भाव, सगळे उर्दूत. वर्षअखेरीस बेरीज करून तिने वही आमच्यापुढे ठेवली. दुकानाच्या खतावणीत ज्यांची उधारी सगळ्यांत जास्त थकलेली आहे त्या घरांत आमचे घर पहिल्या पाचांत होते.